चारबागचा न्हावी

३ मे, रविवार

आज आईने पाहिलं. छावणीतल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी भाकर न घेता ते तसंच तिच्याकडे सरकवलं. तिने आपला तुकडा घेतला, डोळे मिटले. पण त्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. गेल्या जूनपासून दर महिन्याला मी हेच करतो. पण तेव्हा शेजारी नेत्रा असते, आणि नेत्रा बायको आहे, आई नाही.

आई परवाच राहुरीहून आली. आता इथेच राहीन म्हणते.

५ मे

जेवताना आई म्हणाली, "सतरा तारखेला रविवारच आहे. बाबांच्या वर्षाची भक्ती इथेच करू. शेजारीपाजारी बोलावू, चहा-पोहे करू."

मी म्हटलं, इथे तशी पद्धत नाही.

"पद्धत कसली? माणूस गेला, त्याची आठवण काढायची, देवाचे आभार मानायचे. समोरच्या शुक्लाजींना तर मी सांगितलंसुद्धा." तिच्या हिंदीत काय सांगितलं, देव जाणे.

नेत्रा पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही.

६ मे

लिहून टाकतो. या वहीत तरी.

बाबा गेले तेव्हा मातीला मी होतो. पेटीवर पहिली मूठ मीच टाकली. तिसऱ्या दिवशी लखनौच्या गाडीत बसलो, आणि वाटभर डोक्यात एकच — ऑफिसात हाच समोरचा शुक्लाजी विचारणार. तेरहवीं कब है? बाल क्यों नहीं उतरवाए? पंधरा वर्षं झाली या शहरात. मी कोण, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नाव जगदीश शिंदे, कोणाला कशाला शंका येईल? रविवारी चर्चला निघालो की "घूमने जा रहे हैं". नाताळात रजा टाकून गावी जायचं, म्हणजे इथे दारावर चांदणी लावायला नको.

चारबागला उतरलो आणि स्टेशनबाहेरच्या न्हाव्यापुढे बसलो. पूरा उतार दो, म्हटलं. त्याने विचारलं, "पिताजी?" मी मान हलवली. त्याने फार हलक्या हाताने वस्तरा फिरवला. उठताना खांद्यावर हात ठेवला.

जबरदस्ती कोणी केली नव्हती. कोणी विचारायच्या आधीच मी बापाला नाकारलं. दोन्ही बापांना, मातीतल्या आणि स्वर्गातल्या. मग ती भाकर कोणत्या तोंडाने घ्यायची?

नेत्राने दार उघडलं, गोटा पाहिला, आणि आत जाऊन चहा टाकला. मग एवढंच म्हणाली, "आईंना कोण सांगणार?"

कोणीच नाही. दोन महिने व्हिडिओ कॉलवर टोपी घालून बसलो.

९ मे

प्रार्थना होत नाही. गुडघे टेकतो आणि तोंडी येतं — प्रभू, सतरा तारीख टळू दे. ही काय प्रार्थना झाली? हा तर रजेचा अर्ज.

११ मे

डबा खाताना शुक्लाजी म्हणाला, "माताजी ने बुलाया है, सपरिवार आएँगे। बरसी है न? अपने पंडितजी को बोल दूँ?"

मी म्हणालो, "देखते हैं।" देखते हैं! अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि एक सरळ वाक्य तोंडातून निघत नाही.

त्याचे वडील जानेवारीत गेले. पार कोसळला होता. मी शेजारी बसून त्याला धीर दिला — "मैं भी इससे गुज़रा हूँ। बाल उतरते हैं न, तो मन हल्का हो जाता है।" तो माझा हात धरून रडला. अजून सगळ्यांना सांगतो, शिंदेजी ने सँभाला. खोटं बोललो ते बोललो, तेही रडणाऱ्या माणसाशी. याची मला आता किळस येते.

१३ मे

अनुष्का अभ्यास करता करता म्हणाली, "पापा, आजी पूछ रही थीं, आप चर्च में ब्रेड क्यों नहीं लेते। मैंने बोला, पता नहीं।" मग पुस्तकातून डोकं वर न काढता, "वैसे मुझे पता है।"

पंधरा वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला लावलं.

१४ मे

आईने तिचं बायबल पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलं. मी ते आतल्या कपाटात नेलं. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा टेबलावर.

१५ मे

दिल्लीचा दौरा मागून घेतला. रविवारी पहाटेची गाडी.

आईला सांगितलं. "बरं, जा," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा आली. "भक्ती होईलच. फक्त प्रार्थना कोण करणार तेवढं सांग. बापासाठी लेकाने करायची असते."

१६ मे

दुपारी बॅग भरली. नेत्रा दारात उभी राहून म्हणाली, "वर्षभर मी गप्प बसले. उद्या मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही असा नाहीतर नसा."

संध्याकाळी आईच्या खोलीवरून जात होतो. ती एकटीच बोलत होती. "प्रभू, माझ्या जगूला मोकळा कर." कशातून, ते म्हणाली नाही. मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. बाबांच्या मातीच्या वेळी आलं नाही ते रडू आता आलं.

मग बॅगेजवळच जमिनीवर बसलो. म्हटलं, प्रभू, मी तुला विकलं नाही, पण झाकून ठेवलं. लोकांची भीती मला तुझ्यापेक्षा मोठी वाटली. मला क्षमा कर. आणि उद्या मला पळू देऊ नकोस.

वर्षातली पहिली खरी प्रार्थना. भीती काही गेली नाही.

१७ मे, रविवार

दिल्लीची गाडी सोडून दिली.

अकरा माणसं आली. शुक्लाजी बायकोला घेऊन आला, हातात गुलाबाचा हार. आईने गीत म्हटलं. पाहुण्यांना शब्द कळले नसतील, पण सगळे मान खाली घालून बसले होते. मग ती म्हणाली, "जगू, ऊठ."

उठलो. टेबल धरलं. हिंदीतच बोललो. आम्ही ख्रिस्ती आहोत. माझ्या वडिलांना मातीत ठेवलं, त्यांची तेरहवीं झाली नाही. डोक्याचे केस मी चारबागला काढले, लोकांना दाखवायला. शुक्लाजी, तुमच्या दुःखात मी जे सांगितलं ते खोटं होतं. मी देवाशी खोटा वागलो, वडिलांशी आणि तुमच्याशीही. मला माफ करा.

मग मी डोळे मिटले आणि मराठीत मोठ्याने प्रार्थना केली. बाबांचं नाव घेतलं, येशूचं नाव घेतलं. पुढच्या खोलीत, दार उघडं असताना.

डोळे उघडले तेव्हा शुक्लाजी उभा होता. त्याने हार बाबांच्या फोटोला घातला, हात जोडले. जाताना दारात थांबला. "ईसाई हैं तो हैं, शिंदेजी। पर वो बाल वाली बात मुझसे न कहते।" पोह्यांना हात न लावता गेला.

१८ मे

शुक्लाजीने आज डबा आपल्या टेबलावरच खाल्ला. मी जाऊन पुन्हा माफी मागितली. "थोड़ा समय दीजिए," म्हणाला.

द्यायलाच हवा. देवाने क्षमा केली म्हणून माणसाने लगेच करावी, असं थोडंच आहे? वाईट फार वाटतंय. पण काल झोप लागली.

१९ मे

आई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, आई, तुला हे सगळ्यांदेखत ऐकावं लागलं. आधी तुला सांगायला हवं होतं.

"मे महिन्यात टोपी घालून कोण बसतं रे?" आई म्हणाली. "मला तेव्हाच कळलं. तू काढशील म्हणून वाट बघत होते."