गाडीची डावी बाजू

तुरीन, १२ जून १९६७

प्रिय ग्वाल्तिएरो,

मोठ्या भावाचा आशीर्वाद, तुला हवा असो वा नसो. इकडे सगळे मजेत. तुझी वहिनी ओर्नेल्ला विचारते, फ्रिजची चित्रं काढून काढून भाऊजी गारठले का? मी म्हटलं, त्याचं डोकं आधीपासूनच तापलेलं, त्याला फ्रिजचा कारखानाच बरा.

आता बातमी. गेल्या महिन्यात इंग्लिश लोक पुन्हा आले होते. त्यांच्यासाठी आखलेली आपली गाडी आता बनणार नाही. त्यांची कंपनी आता फक्त ट्रक काढणार म्हणे. मालक रावासेंगा इतके भडकले की पाहुण्यांना साधी कॉफीही विचारली नाही.

तुला आनंद झाला असेल तर होऊ दे. प्लास्टरचं एकच मॉडेल, उजवा अर्धा भाग माझा, डावा तुझा, आणि गिऱ्हाइकाने त्यातून निवडायचं, ही आपल्या धंद्याची रीतच आहे. गेल्या वर्षी त्यांनी माझा भाग निवडला आणि तू तडक वारेसेला निघून गेलास. माझा भाग चांगला होताच. आजही म्हणतो.

तर निघता निघता त्यांचा म्हातारा इंजिनिअर पेटिफर टोपी घ्यायला डावीकडच्या भिंतीशी गेला आणि तिथेच थबकला. तुझ्या दारावरून त्याने हात फिरवला.

"ही बाजू कुणाची?"

"माझ्या धाकट्या भावाची."

"मग मागच्या वेळी का नाही दाखवलीत?"

"अहो, इथेच तर होती! तुमच्यातलं कुणी इकडे फिरकलंच नाही."

बिचारा ओशाळला. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सगळे सवयीने उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. तू हरला नव्हतास, ग्वाल्तिएरो. तुझं काम कुणी पाहिलंच नव्हतं. आणि मी स्तुती ऐकण्यात इतका गुंग, की हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

मालकांनी ठरवलंय, शरदातल्या प्रदर्शनात गाडी आपल्याच कारखान्याच्या नावाने मांडायची. "एर्मेते, डावी बाजूही तुझ्या उजवीसारखीच करून टाक," म्हणाले. मी मान डोलावली. जेवणाच्या सुट्टीत हातोडा घेतला आणि एक भाग फोडून टाकला.

माझा.

मालक धावत आले. "अरे, वेड लागलं का तुला?"

"मालक, शिव्या मग द्या. आधी डावीकडे येऊन बघा."

ते आले. बराच वेळ बघत राहिले. मग शिव्या दिल्याच, पण खुर्ची मागवून, बसून, तुझ्या कामावरची नजर न काढता.

आता उजवीकडे तुझ्यासारखं करतोय. दारापर्यंत आणलंय, कुणाच्या बापाला फरक कळायचा नाही. मागच्या चाकावरचं वळण मात्र जमत नाही. करतो आणि खरवडतो. ते तुझ्याच हातात आहे, माझ्या नाही. हे लिहायला मला महिना लागला.

तू ये. राग असेल तर रागातच ये, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, नुसतं बोट दाखव. प्रदर्शनात गाडीच्या पाटीवर रचनाकार म्हणून तुझ्या एकट्याचं नाव घालायचं मालकांनी कबूल केलंय. तुझ्यावाचून इथे करमत नाही, हेही आता सांगून टाकतो.

तुझ्या हाताखाली काम करायला तयार असलेला,
तुझा थोरला भाऊ
एर्मेते