कापलेला कोपरा

बिश्केक, ११ जानेवारी

प्रिय इसेनकुलदादा,

तू, वहिनी आणि दारातली जनावरं खुशाल असाल. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. तालासला मेहुण्याकडे घेवड्याची पोती भरतोस, असं कळलं. अख्ख्या गावाचे घोडे राखणारा माणूस पोती भरतोय!

माझं बरं चाललंय. बाजारात पासपोर्टचे फोटो काढणारा मी, आता दोन दुकानं आहेत. आपल्या दरीचं ते हिवाळी चित्र एका हॉटेलात भिंतभर लागलंय. छत्तीस फोटो जोडलेत ना, गवताच्या एकेका पात्यावरचा गोठलेल्या दवाचा काटा दिसतो. लोक नाक लावून बघतात.

परवा गावी गेलो होतो. का, ते सांगतो, पण जरा वळसा घालू दे. सरळ बोलता येत असतं तर तीन वर्षं लागली नसती.

तीन वर्षांपूर्वी, त्या हिवाळ्यात तुझ्याकडे उतरलो होतो. चहा पिताना म्हणालो, "दादा, उद्या ऊन चढेपर्यंत घोडे कुरणातून नेऊ नकोस. एक खूर उमटला तरी माझं चित्र गेलं."

तू हसलास. "गोठलेल्या दवाचा फोटो? आम्ही त्याला शिव्या घालतो रे!"

पण शब्द दिलास आणि पाळलास. कुरण सोडून नदीच्या बर्फावरून घोडे नेलेस. तीन घोड्या बुडाल्या.

म्हाताऱ्यांच्या बैठकीत ओमुरझाक आजोबा तुझ्यावर कडाडले, "बर्फ दिसला नाही, बाटली बरी दिसली! खोगिरावर झोपला असशील." तू मान खाली घातलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. धाकटा भाऊ, त्यात घरी आलेला पाहुणा, त्याच्यावर ढकलायचं कसं? आणि मी समोर बसून चहात पाव बुडवत होतो. गावाने घोडे तुझ्या हातून काढून घेतले, तेव्हाही.

त्याच आठवड्यात चित्र संगणकावर मोठं करून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा, तू. खोगिरावर नाहीस. पायी, सगळ्यांच्या पुढे, काठीने बर्फ ठोकत चाललायस. मी तो कोपरा कापला. असं चित्र जास्त देखणं दिसतं, अशी स्वतःची समजूत घातली.

परवा अख्खं चित्र छापून नेलं आणि ओमुरझाक आजोबांच्या घरी गालिच्यावर पसरलं. ते रांगत कोपऱ्यापाशी गेले, चष्मा पुसला.

"हा काठीवाला कोण?"

"इसेनकुलदादा."

"शुद्धीत दिसतोय की. पण एवढं कुरण मोकळं असताना बर्फावर मरायला गेला कशाला?"

"मी सांगितलं होतं, आजोबा. कुरणात खूर उमटू नयेत म्हणून."

"तीन वर्षं माझ्या घरी येऊन मटण खाल्लंस रे तू," एवढंच म्हणाले. आजीने माझा कप उचलून नेला, तो भरून परत आणला नाही.

वसंतात घोडे पुन्हा तुझ्याकडे द्यायचं ठरलंय. निरोप ते स्वतः धाडतील. माझ्या तोंडून नको, म्हणाले.

एक गोष्ट मात्र तिथे बोललो नाही. ती आधी तुला सांगायला हवी.

त्या सकाळी नदीचा कोपरा टिपून झाला होता. डोंगराकडचे चार फोटो उरले होते आणि ऊन कड्यावरून खाली सरकत होतं. माझे कान किती तिखट, तुला ठाऊक आहे. बर्फ फुटल्याचा आवाज ऐकला. मग तुझी हाक, माझं नाव घेऊन. मी चार फोटो पुरे केले, मग धावलो. तू एकटा दोर धरून होतास. आणखी दोन हात असते, तर निदान एक घोडी वर आली असती.

नंतर तू विचारलंस, "हाक ऐकू आली नाही का रे?" मी म्हणालो, "वारा होता, दादा."

वारा असता, तर गवतावर दव उभं राहिलं असतं का? हे मी फोटो काढून शिकलो. तुला जन्मापासून ठाऊक. तरी "असेल" म्हणालास आणि मला घोड्यावर मागे बसवून घरी नेलंस.

दादा, वारा नव्हता.

हाक ऐकून जागचा न हललेला,
बोलोत