शाळेची सहा पोती

ता. ६ ऑक्टोबर ७४, रविवार. कोइमतूर

परत तेच! मी म्हणतो, मला पालक केला कुणी? मागच्या पत्रातही हेच होतं, या पत्रातही हेच — "पालक या नात्याने आपण तेथील गावकऱ्यांकडून शाळेसाठी देणगी गोळा करावी." आपण! ह्याच जगदाळे गुरुजींनी चौथीत मला अख्खा तास अंगठे धरायला लावले. तेव्हा 'आपण अंगठे धरावेत' म्हणाले नव्हते. त्यानंतर मी शाळेत गेलोच नाही.

आबा गेले म्हणून धाकट्या बहिणीच्या, अंजनाच्या नावापुढं पालक म्हणून माझं नाव लागलं. लग्न नाही, पोर नाही, आणि मी पालक संघाचा मेंबर!

आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंत. जूनपासून आठवी मिळेल, पण आधी खोली दाखवा म्हणतात. पालकांनी दगड वाहून भिंती उभ्या केल्या. आईनंही वाहिले. आता छताचे पत्रे अडलेत. अंजना सातवीत आहे. आठवी निघाली नाही तर ती घरी बसणार. विट्याच्या हायस्कुलात रोज एकट्या पोरीला कोण पाठवतं? आईनं भाळवणीचं स्थळ बघूनही ठेवलंय. चौदा वर्षांची पोरगी!

पत्राच्या खाली अंजनाचं अक्षर — "दादा, पत्रे लवकर." माझ्यापेक्षा चांगलं अक्षर आहे.

ता. ९ ऑक्टोबर

आज गल्लीत फिरलो. इथं सोनं गाळायची आमच्या भागातली बरीच दुकानं आहेत. सोनारांची मोड आणायची, गाळायची, चोख करून द्यायची. वाडीची म्हणावीत अशी चार.

भाऊसोच्या दुकानात पाऊल टाकलं तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "या बगा! शाळा सोडून पळालेलं, शाळंसाठी मागाय आलं!" सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

"पावती कुटाय?"

"पावती गुरुजी पाठवतील."

"मग पैसं बी गुरुजींनाच देतो की रं!" असं म्हणत दोन रुपये दिले. ते मी वाकून घेतले. का वाकलो कोण जाणे.

ता. १२ ऑक्टोबर

मागायला गेलो नाही. पाय दुखतो म्हणालो. पाय दुखत नाही.

स्वतःच्या नावापुढं पाच रुपये लिहिलेत. मोटारीच्या लायसनसाठी साठवतोय ते वेगळे. ते नायर चहावाल्याकडं ठेवलेत. भात्यासमोर बसून मी म्हातारा होणार नाही. ट्रकवर जाणार, मुलूख बघणार. किती साठलेत ते इथंसुद्धा लिहीत नाही. लिहिलं की कुणाला तरी द्यावे लागतात.

ता. १५ ऑक्टोबर

मेलो! गुरुजी स्वतः येतायत. मद्रासला कुणाकडं तरी जायचंय, तिथनं रविवारी इथं. "तुमची पेढी पाहण्याची इच्छा आहे."

पेढी! ही मीच घरी लिहिलेली थाप. खुर्च्या आहेत, पंखा आहे, मी काट्यावर बसतो. आईनं सगळ्या वाडीला सांगितलं असणार. काट्यावर मालक बसतात — आप्पासो, वाडीचेच. मी भाता मारतो. हाताला तेजाबाचे पिवळे डाग. खुर्ची एक नाही. बसायला सहा पोती — काळी, चिकट, कुबट वास मारणारी. गुरुजींचं धोतर पांढरंफेक असतं.

कोंडीबाला सांगितलं तर म्हणाला, "त्यात काय एवढं! गुरुजी काय लगीन लावाय येनार हायेत व्हय?" कोंडीबाही वाडीचाच. वयानं आबांच्या बरोबरीचा. झाडलोट, पोती, धुळीचा डबा सगळं त्याच्याकडं. केर बाहेर जाऊ देत नाही. आम्ही हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतो. मला हसू यायचं.

ता. १९ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहू का नको? इथं नाही लिहिलं तर कुठं लिहिणार?

कोंडीबा मारुतीला जाऊन तिकडनंच ज्वारीचं पीठ शोधायला गेला होता. गुरुजींना भाकरी करून घालायची म्हणून. मालक पालघाटला. मी एकटा. पोत्यांचा वास काही जाईना. उचलली सगळी, मागच्या नळावर नेली आणि सोडा टाकून धुतली. बडवली, पिळली. काळं पाणी गटारात चाललं आणि मला बरं वाटत होतं. गुरुजी कुठं बसतील ते आता दाखवायला लाज नाही, एवढंच डोक्यात.

शेवटचं पोतं पिळताना हात थांबला.

कानस मारताना, गोळा फोडताना सोन्याचा बारीक कण उडतो आणि पोत्यात बसतो. वर्षभर बसतो. दिवाळीआधी पोती जाळायची, राख गाळायची, तोळाभर सोनं निघतं. हे मला ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोराला ठाऊक आहे! मी गटारात हात घालून बघितला. गाळ आला, हिरव्या घाणीचा. नळावर पाणी भरायला आलेल्या बाया बघत होत्या.

पोती गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली. तेवढ्यात मालक आले. खालनंच हाक, "अर्जुना, आंगुळीला पानी ठिव रं!" मी पाणी ठेवलं. आंघोळ करून ते सरळ काट्यावर बसले. सांजच्याला पोती होती तिथं टाकली.

कोंडीबानं हात लावून बघितला. "झटकली का रं?"

"झटकली."

"आतच न्हवं?"

"आतच."

ता. २० ऑक्टोबर

गुरुजी येऊन गेले. म्हातारे झालेत. खांद्यावर पिशवी, तीत पालक संघाची पावती पुस्तकं. पोत्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अर्जुना, जागा मोठी स्वच्छ ठेवलीस." मी खाली बघितलं. माझ्या हातावरचे डाग बघून काही विचारलं नाही. खुर्च्या कुठायत तेही नाही.

गल्लीतली माणसं जमली. गुरुजींनी खोलीचं सांगितलं, देणाऱ्यांची नावं शाळेच्या फळ्यावर लागतील म्हणाले. पोरांची नावं घेतली, पोरींची घेतली. म्हणाले, "अंजनाला गणितात पैकीच्या पैकी. ही मुलगी घरी बसली तर दोष तिचा नाही, आपला." सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मग सगळे मालकांकडं बघायला लागले. वाडीतनं आलेला पहिला माणूस, पहिलं दुकान त्यांचं. मालक सुपारी कातरत होते. मग अडकित्ता खाली ठेवला आणि पोत्यांवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, रोख काय देनार! ही सा पोती — ह्या सालाचं सोनं शाळंचं. दिवाळीला गावासमोर जाळू. निगंल ते तुमचं."

टाळ्या! भाऊसोनंही वाजवल्या. कोंडीबाच्या डोळ्यात पाणी. "तोळ्याला मरान न्हाई, गुरुजी," म्हणाला. "वरीसभर जपल्यात म्या."

मी तिथंच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला आणि ते मिटलं.

ता. २३ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. सांगितलं नाही.

ता. ५ नोव्हेंबर

अंजनाचं पत्र. गुरुजींनी प्रार्थनेनंतर सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पालक संघानं विट्याच्या दुकानदाराला पत्रे सांगून ठेवलेत, सोन्याच्या भरवशावर. आईनं भाळवणीकरांना कळवलंय — पोरगी शिकतीय, थांबा. "दादा, सगळी मला सोन्याच्या शाळेची म्हणून चिडवतात."

जेवलो नाही.

ता. १० नोव्हेंबर, रविवार

जाळली. गल्ली लोटली होती. कोंडीबानं नारळ फोडला, यमाईचं नाव घेतलं. पोती घमेल्यात जाळली, राख मुशीत, टाकणखार घातला. भाता मीच मारला. दुसरं कोण मारणार? एवढा जोरात मारला की कोंडीबा म्हणाला, "दमानं रं गड्या, सोनं काय पळून चाललंय व्हय!"

मूस ओतली. गार झाल्यावर फोडली. तळाशी बाजरीच्या दाण्याएवढा मणी. तोही नीट दिसेना.

लोक वाकून बघायला लागले. मग भाऊसो बोलला, "कोंडीबा, पोती कुटं झटकली रं? तुज्या गावच्या घरात?"

हसले लोक. आधी हळू, मग मोठ्यानं. कोंडीबा मणी तळहातावर घेऊन बघत होता. परत परत बघत होता. "यमाईची आन हाय," म्हणाला, "एक कन भाईर गेला असंल तर —" मग माझ्याकडं वळला. "अर्जुना, तू झटकली तवा आतच झटकली न्हवं?"

"आतच," मी म्हणालो.

मालक अडकित्ता घेऊन सुपारी शोधत बसले.

ता. ११ नोव्हेंबर

कोंडीबा गेला. दिवाळी तोंडावर आलेली. मालक म्हणाले, थांब. तो म्हणाला, "थांबून काय करू? पोरं पोतं बगून हसत्याली." वळकटी बांधली. आमच्यात दुकान सोडताना कामाचे कपडे दुकानातच ठेवतात, त्यात सोनं बसलेलं असतं म्हणून. त्यानं सदरा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो बी जाळ. शाळंला व्हईल."

अंगात नुसती बंडी. वरनं उपरणं. तसाच स्टेशनला गेला. मी जिन्यापर्यंत गेलो. तिथनंच परत फिरलो.

वाडीत त्याच्या आधी भाऊसोचं पत्र पोचणार. फळ्यावर नाव राहिलं बाजूला, चावडीवर लोक चोर म्हणून त्याचं नाव घेणार.

ता. १२ नोव्हेंबर

सदरा जाळला. एकट्यानं. पोत्यांच्या मण्याशी ताडून बघितलं. एका सदऱ्यात सहा पोत्यांपेक्षा जास्त निघालं. गव्हाएवढं.

मालकांपुढं दोन्ही मणी ठेवले. त्यांनी काट्यावर घेतले नाहीत. बघितलेही नाहीत.

ता. १६ नोव्हेंबर, शनिवार

मालकांना सांगितलं. पोती मी धुतली.

म्हणाले, "ठावं हाय. गॅलरीत वाळत व्हती. खालनंच बगितली म्या."

"मग दिली का?"

"वाडीला वाटतंय माझ्याकडं लय हाय. पालघाटच्या सोनारानं बुडवलंय मला, कुनाला ठावं? गुरुजींपुढं रिकामा हात दावू?"

"आन कोंडीबा?"

त्यांनी अडकित्ता उचलला. मी तिथनं उठलो.

नायरकडनं लायसनचे सगळे पैसे आणले. मनीऑर्डर पालक संघाच्या नावानं. खालच्या जागेत लिहिलं — पोती मी धुतली, कोंडीबानं नाही. प्रार्थनेनंतर वाचून दाखवावं. फळ्यावर देणाऱ्याचं नाव कोंडीबा लिहावं.

रुपये एकशे एक्कावन्न.