बुधवारचा खण

४ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, फोटोही. सात खणांची निळी डबी, खणाखणात रंगीत गोळ्या, आणि मागे तुझ्या अक्षरात की सूनबाई दर रविवारी स्वतःच्या हाताने भरते. खोटं कशाला बोलू, वाचून माझा जळफळाट झाला. आमचे चिरंजीव ऑफिसला निघताना दारातून ओरडतात, थायरॉइडची गोळी घेतलीस का म्हणून. ही काय काळजी झाली? ही तर हजेरी.

लहानपणीही ताप तुलाच यायचा आणि आई तुझ्याच उशाशी बसायची. मी धडधाकट, म्हणून पाणी आणायला.

पण मीही कमी नाही. बटणांची डबी रिकामी केली आणि तुझा फोटो घेऊन औषधाचं दुकान गाठलं. चाळीस वर्षं शिवणकामात कापडाला बटण जुळवलं, गोळीला गोळी जुळवायला कितीसा वेळ? पिवळीला पिवळी, लांबट पांढरीला लांबट पांढरी. आता सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबत सगळ्या एकदमच घेते.

लोभ आहेच, जळफळाटासकट गोड मानून घे.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, रंग बघून कुणी गोळ्या घेतं का? माझ्या रक्तात बी-ट्वेल्व कमी निघालं म्हणून तेवढीच डॉक्टरांनी दिली आहे. बाकीच्या सूनबाईने मोबाइलवर बघून मागवल्या. तू आधी डॉक्टरांना दाखव. रागावू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघते.
तुझी चिमणी

२० मे

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

रागावलेच होते. वाटलं, कौतुक तुला एकटीलाच हवंय, मी बरोबरी केलेली खपत नाही. म्हणून दोन महिने पत्र नाही.

मधल्या काळात अंगातलं त्राणच गेलं. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. ताकदीच्या म्हणून आणखी दोन गोळ्या आणल्या. शेवटी लेकाने रजा टाकून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काय काय घेता विचारलं, तर मी बटणांची डबीच टेबलावर उपडी केली. ते एकेक गोळी वेगळी करत गेले. म्हणाले, कॅल्शियम आणि लोह सोबत घेतल्यामुळे थायरॉइडची गोळी अंगाला लागतच नव्हती, त्यात चार तासांचं अंतर हवं. आणि तपासणीत मला कशाचीच कमतरता नव्हती. वय झालं म्हणून अशा गोळ्या सरसकट घ्यायच्या नसतात, कमी असेल ते तपासून घ्यायचं, असं समजावलं.

लेक तिथे चिडला. मग जिन्यात माझा हात धरून नुसता उभा राहिला.

डबीत पुन्हा बटणं भरलीत. तरी तुझी निळी डबी आठवली की अजून पोटात दुखतं.

राग विसर, लोभ ठेव.
तुझी ताई

२८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कधी लिहिणार नव्हते. डबी रविवारी भरली की पुढच्या रविवारपर्यंत मला या घरात कुणी काही विचारत नाही. सूनबाई वाईट नाही गं, नोकरी आहे, दोन मुलं आहेत. पण महिन्यापूर्वी मी बुधवारच्या गोळ्या मुद्दाम तशाच ठेवल्या. म्हटलं, विचारेल. रविवारी तिने त्यांच्यावर नव्या टाकल्या. पुढच्या बुधवारीही ठेवल्या, त्यापुढच्याही. आता त्या खणाचं झाकण लागत नाही, तर ती अंगठ्याने दाबून बसवते.

तुझा लेक रोज दारातून ओरडतो हे वाचते तेव्हा माझाही जळफळाट होतो. तुला वाटलं, तूच एकटी?

माया असू दे.
तुझी चिमणी

५ जून

चि. चिमणीस,
अ. आ.

लेकाला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, मावशीला बोलाव, आणि माझ्या शिवणाच्या खोलीतली खाट स्वतः झाडून ठेवली. माझ्यासाठी कधी झाडली नव्हती.

दोन महिने राहायला ये. बी-ट्वेल्वची पट्टी तेवढी आण, डबी तिकडेच राहू दे. रोज सकाळी तो दारातून आधी तुला विचारील, मग मला. माझ्या अंगाचा तिळपापड होईल. पण मी पाण्याचा पेला घेऊन तुझ्या उशाशी बसलेली असेन.

वाट बघायला लावू नकोस.
तुझी ताई