रिकामं म्हणजे शून्य नव्हे

मंगळवार, संध्याकाळ. बुरहानपूर

डोकं अजून तापलेलंच आहे. दवाखान्याच्या लॅबमधून येणारे रिपोर्ट आमच्या कंपनीची सॉफ्टवेअर सर्व्हिस व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे माहितीच्या पडताळणीत, नापास करून सकाळपासून परत पाठवत होती. दुपारी इंदूरच्या ऑफिसातून माझ्या सरांचा फोन. "व्हॅलिडेशन बंद कर दो, अस्पतालवाले चिल्ला रहे हैं."

"नाही करणार, सर. आधी कारण शोधते."

माझ्याच तोंडून निघालं हे? आई बाजूलाच केळी चिरत होती. "नोकरी जाईल ना गं," म्हणाली. जाऊ दे.

अडकलेल्या एका रिपोर्टचा एक्सएमएल संदेश, म्हणजे मूळ मजकूर, उघडला. साखरेच्या आकड्याची जागा रिकामी होती, कारण ती तपासणी झालीच नव्हती. टेस्ट सर्व्हरवर, म्हणजे खऱ्या रिपोर्टांना धक्का न लावता, व्हॅलिडेशन काढून तोच संदेश सोडला, तर आमच्या कोडनं त्या रिकाम्या जागेचं शून्य केलं. रक्तात साखर शून्य! डॉक्टरांनी काय समजायचं?

मग व्हॅलिडेशनच्या नियमात 'तपासणी बाकी' अशी सोय केली, कोडही सुधारला. संध्याकाळी सगळे रिपोर्ट डॉक्टरांकडे गेले.

सर म्हणाले, "ठीक है, पर ये ज़ीरोवाली बात किसी को बताना मत."

का नाही? रिकामी जागा आणि तिचं झालेलं शून्य, दोन्हींचे फोटो जोडून मी आत्ताच सगळ्या टीमला मेल टाकला. दवाखान्यालासुद्धा.