पाटीवरचा फ्लेक्स

पनवेल, मंगळवार, १९ जून २०१२

काल सभागृहासमोर स्कूटी लावली म्हणून हवालदाराने पावती फाडली. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे फक्त पासवाल्या गाड्या, अशी पाटी आहे म्हणे. मला दिसणार कशी? तिच्यावर फ्लेक्स बांधलेला. तक्रार करायची म्हणून आज फोटो काढायला गेले, तर फ्लेक्सवर आमची लेक मनू! ‘दहावीतील घवघवीत यशाबद्दल अभिनंदन.’ शेजारच्या म्हात्रेकाकांनी आम्हाला न सांगता हौसेने लावलेला, तोही बिनपरवाना.

आता हा फोटो चौकीत कसा दाखवू? काका अडकतील. आणि मनूचा तो हसरा चेहरा साहेबांच्या टेबलावर...

संध्याकाळी शेवटी काकांना सांगितलं. ते हसायलाच लागले.

“अगो, फ्लेक्स माजा हाय ना? मंग मीच सांगन सायबाला. पोरगी पास झाली ती काय लपवाची?”

“काका, तुम्हालाच दंड करतील.”

“करूदे. पन उतरवनार नाय.”

उद्या ते माझ्याबरोबर येणार. माझी पावती रद्द होईलही. पण मनूच्या फोटोवरून ते साहेबांशी भांडायला लागले तर? तक्रारच सोडून द्यावी का?

मघाशी खिडकीतून पाहिलं, तर काका उद्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करत होते. आता नको म्हणायचीही सोय राहिली नाही.