उजवीकडची मोजपट्टी

७ जुलै
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खिडकीशी माझं टेबल. कुरुंदवाडहून आणलेला आईचा डबा सगळ्यांनी मिळून संपवला. आमची कंपनी गगनबावड्याच्या घाटात रस्त्याकडेची संरक्षक भिंत बांधते. मी तिचा प्रगती अहवाल करायचा. धैर्यशील सरांना एकाच आलेखात दोन गोष्टी हव्यात. खांब रोजच्या बांधकामाचे, आणि त्यांच्यावरून लाल रेषा भिंतीतल्या भेगेची. डावीकडं मीटरची मोजपट्टी, उजवीकडं मिलिमीटरची. संध्याकाळपर्यंत जमलं. सर म्हणाले, अनुजा, हात चांगला आहे तुझा.

१० जुलै
भेग मोजून रोज चार वाजता मोबाइलवरून आकडा भरतात ते साइटवरचे मुकादम पिराजीमामा. आज त्यांनी फोनच केला. "म्याडम, नऊ मिलिमीटर हाय. काल सहा हुती. सायबास्नी दावा की." दाखवते, असं मी म्हणाले. मग त्यांची मुलगी क्रांती बारावीला आहे, तिच्याबद्दल मामा बराच वेळ बोलत राहिले.

११ जुलै
रेषा खांबांच्या डोक्यावरून गेलीय, आणि दुपारी वरिष्ठांची बैठक. सर म्हणाले, आकड्यांना हात लावू नको, फक्त उजवीकडची मोजपट्टी दहाऐवजी शंभरपर्यंत ने. नेली. रेषा तळाशी आडवी झोपली. खोटं काहीच नाही, असं मनाला दोनदा सांगितलं. बैठकीत रेषेबद्दल कुणी विचारलंही नाही. काम चालू ठेवायचं ठरलं.

१५ जुलै
भिंत कोसळली. बाकीचे लांब होते. पिराजीमामा चार वाजता भेग मोजायला जवळ गेलेले.

१७ जुलै
त्यांच्या घरी जाऊन आले. क्रांतीनंच मला पाणी आणून दिलं. म्हणाली, "बाबा म्हणायचे, म्याडमना सांगितलंय, त्या बघतील." पेला तसाच खाली ठेवला.

१८ जुलै
चार वाजता अहवालात नवी नोंद. बावीस मिलिमीटर. भरणाऱ्याचं नाव पिराजी. त्यांचा चिरडलेला मोबाइल मी काल त्यांच्या घरी पाहिलाय. नोंद पुसली.

१९ जुलै
एक्केचाळीस. पुसली, परत आली. सरांना दाखवली. त्यांना नुसते खांब दिसतात.

२१ जुलै
अडुसष्ट. ठिकाणाच्या रकान्यात आता घाट नाही — राजारामपुरी, दुसरा मजला. खुर्चीमागच्या भिंतीत भेग आहे. माझा पंजा आडवा आत जातो. सर म्हणतात रंग ताजा आहे, भिंत गुळगुळीत आहे, चार दिवस रजा घे.

२२ जुलै
चौकशी अधिकाऱ्यांना जुना आलेख पाठवला, दहाच्या मोजपट्टीचा. मोजपट्टी मी बदलली, असं खाली सहीनिशी लिहिलं. वाटलं, आता थांबेल.
चार वाजता — चौऱ्याण्णव.

२३ जुलै
चार वाजून गेले. नोंद नाही. ऑफिस भरलेलं, मागं कुणी बघत नाही.
फोन. त्यांचाच नंबर.
"म्याडम, आज तुमी मोजा की."
पट्टी भेगेत घातलीय. वही गुडघ्यावर. आतून ओल्या मातीचा वास — गार —
पट्टीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. हळूच. सरळ करून दिलं.
या वेळी खरा आकडा लिहिते. एकशे —